डबा, नमस्कार आणि मीठ

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले, की मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे एकामागून एक लागतात. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडतात. तरी तेथील माणसे स्वतःला गावकरीच म्हणवतात. वस्ती मुख्यतः आगरी. 'आगर' म्हणजे मिठागर, आणि त्यावरून 'आगरी', अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. रस्त्याने आणखी पुढे गेले, की डोंगरी, उत्तन ही ख्रिस्ती वस्तीची गावे येतात. त्यांत कोळी पुष्कळ. आणि मागे, स्टेशनच्या बाजूला, राजस्थान-गुजरातेतून आलेल्या जैन व मारवाडी कुटुंबांच्या उंच इमारती. या तिन्ही ठिकाणची मुले एका बाकावर बसत, अशा एका शाळेत मी विज्ञान शिकवीत असे. शाळेचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही.

२०१५ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मधली सुट्टी झाली होती. बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे वर्गाच्या खिडक्या बंद होत्या. आठवीतल्या, मोरव्याच्या एका मुलीने डबा उघडला. आत तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेली सुकट. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, ताजी मासळी कमी. तेव्हा आगोटीला भरून ठेवलेली सुकट, वाळलेले बोंबील हेच घरोघरचे कालवण. शेजारच्या मुलीने नाकाला रुमाल लावला. मग ती उठली, तिच्यामागून आणखी दोघी उठल्या, आणि पाच मिनिटांत तो बाक रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी एका पालकांची चिठ्ठी आली. तिसऱ्या दिवशी कार्यालयातून सूचना निघाली, की डब्यात शाकाहारी पदार्थच आणावेत. ती सूचना मी माझ्या हाताने फळ्यावर लिहिली आणि मुलांकडून डायरीत उतरवून घेतली. पुढे आठवडाभर ती मुलगी मधल्या सुट्टीत नळापाशी उभी असे. "भूक नाही, सर," म्हणे. हे माझ्या ध्यानात यायला आठ दिवस लागले, याची आजही लाज वाटते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. माणूस अमुक खातो आणि तमुक खात नाही, अमक्याला वाकून नमस्कार करतो आणि तमक्याला नुसती मान डोलावतो, यामागे काही नियम आहेत काय? त्यांचा शोध घेता येतो काय? त्या वाचनातले काही तुमच्यापुढे ठेवतो.

किळस शिकावी लागते

आधी एक प्रयोग मनातल्या मनात करा. तुमच्या तोंडात या क्षणी लाळ आहे, आणि तुम्ही ती सतत गिळत असता. आता स्वच्छ पेल्यात थोडे थुंका आणि तेच पुन्हा पिऊन टाका. नको वाटले ना? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली हे उदाहरण दिले होते. लाळ तीच, तिच्यातले रसायन तेच. पण ओठांची सीमा ओलांडली, की ती 'माझी' राहत नाही. आपल्याकडे 'उष्टे' या एका शब्दात हे सारे आले. वरून पाणी पिण्याची आपली पद्धत, दुसऱ्याच्या ताटातले न उचलण्याचा नियम, ही त्याचीच पिले.

पॉल रोझिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून मजेदार आहे. त्यांनी फळांच्या रसाच्या पेल्यात मेलेले झुरळ बुडवून काढले. झुरळ पूर्णपणे निर्जंतुक केलेले होते आणि पिणाऱ्यांना तसे सांगितलेही होते. तरीही लोकांनी तो रस नाकारला. एकदा स्पर्श झाला, की दोष कायमचा चिकटतो, असे आपले मन समजते. 'विटाळ' आणि 'शिवाशिव' यांचे मूळ मनाच्या याच खोडीत आहे. जंतू डोळ्यांनी दिसत नव्हते त्या काळात ही खोड माणसाच्या उपयोगी पडली असेल, कारण कुजलेल्या पदार्थापासून तिने त्याला दूर ठेवले. पण तीच खोड अन्नावरून माणसावर सरकली, की काय अनर्थ होतो, हे आपल्या देशाला सांगायला नको.

दुसरा मुद्दा असा, की ही किळस जन्मजात तयार मिळत नाही. वर्षभराचे मूल जे हाती येईल ते तोंडात घालते, मग ती माती असो की चप्पल. काय ओंगळ मानायचे, हे ते घरातल्यांच्या चेहऱ्यांवरून हळूहळू शिकते. म्हणून माझ्या वर्गातल्या त्या तिघी मुली काही नाटक करीत नव्हत्या. त्यांना खरोखरच मळमळले असणार. आणि मोरव्याच्या मुलीला त्याच वासाने खरोखरच भूक लागली असणार.

वासाचेच घ्या. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे संयुग असते. मासा मेल्यावर जीवाणू त्यापासून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात. हा वायू आम्लारिधर्मी म्हणजे अल्कधर्मी आहे आणि अगदी थोडा असला तरी नाकाला जाणवतो. आम्ल मिळाले, की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही. मासळीला चिंच, कोकम किंवा लिंबू लावतात ते यासाठी. आपल्या आज्यांनी हे रसायनशास्त्र चुलीपाशी शोधून काढले. आता हिंगाकडे वळा. हिंगाचा वास गंधकाच्या संयुगांचा. आपल्या वरणाला त्यावाचून चव नाही, जैन स्वयंपाकात तर कांदा-लसणाची उणीव तोच भरून काढतो. आणि जर्मन भाषेत हिंगाचे नाव आहे 'सैतानाची घाण'! नाके सगळ्यांची सारखीच, फरक शिकवणीचा.

निषेध कशासाठी?

कॅप्टन कुक १७७७ साली प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर गेला. तेथील काही माणसे त्याच्याबरोबर जेवायला बसेनात, अमुक पदार्थाला शिवेनात. कारण विचारले की एकच उत्तर येई: 'तापू'. हा शब्द कुकने टिपून ठेवला, इंग्रजीत 'टाबू' म्हणून तो रूढ झाला आणि पुढे मानववंशशास्त्राने तो उचलला. आपण त्याला निषेध म्हणू.

अन्नाचे निषेध का निर्माण झाले, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. डुकराच्या मांसाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ज्यू आणि मुसलमान ते वर्ज्य मानतात. त्या मांसातून ट्रिकिनेला नावाचा कृमी माणसाच्या शरीरात जातो, म्हणून आरोग्यासाठी हा नियम झाला असावा, असे पुष्कळांना वाटते. पण जरा थांबा. हा कृमी माणसाच्या स्नायूत प्रथम दिसला तो १८३५ साली, लंडनमध्ये, एका वैद्यकीय विद्यार्थ्याला. शिवाय शेळ्यामेंढ्यांपासून आणि गुरांपासूनही रोग होतात, मग ती का चालली? मार्व्हिन हॅरिस यांनी १९७४ साली दुसरे उत्तर मांडले: डुकराला सावली आणि पाणी लागते, गवतावर ते जगत नाही, माणसाच्या धान्यात ते वाटेकरी होते, कोरड्या मुलखात ते पाळणे परवडत नाही. मेरी डग्लस या विदुषींनी त्याआधी, १९६६ साली, तिसरेच सांगितले होते. प्रत्येक समाज जगाचे कप्पे पाडतो, आणि जो प्राणी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही तो अपवित्र ठरतो. डुकराचे खूर दुभंगलेले, पण ते रवंथ करीत नाही. म्हणून ते ना धड इकडचे, ना तिकडचे.

मला स्वतःला डग्लसबाईंचे म्हणणे अधिक पटते, आणि त्याला कारण आपली भाईंदरची मासळी. मासा म्हणजे मांस काय? उत्तनच्या ख्रिस्ती घरात उपवासाच्या काळातल्या शुक्रवारी मटण चालत नाही. मासे चालतात, कारण चर्चच्या नियमात मासा 'मांसात' गणला जात नाही. व्हेनेझुएलात तर कापिबारा नावाचा मोठा, पाण्यात डुंबणारा, उंदराच्या कुळातला प्राणी या काळात 'मासा' म्हणून खातात! गोव्यातल्या सारस्वतांना मासे चालतात. जैन शास्त्र मात्र जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवर करते: वनस्पतीला एक इंद्रिय, मुंगीला तीन, मासा आणि बोकड दोघेही पंचेंद्रिय. तेथे माशाला सवलत मिळण्याचा प्रश्नच नाही. कंद खाऊ नये, हा त्यांचा नियमही याच हिशेबातून आला आहे, कारण एका कंदात अनंत जीव वसतात असे ते मानतात. प्राणिशास्त्राच्या पुस्तकाशी यांपैकी कोणतीच वर्गवारी जुळणार नाही. पण प्रत्येकीला स्वतःचे तर्कशास्त्र आहे, आणि जैनांचे तर फार काटेकोर आहे.

आता श्रावणाकडे पाहू. "श्रावणात मासे खात नाहीत, कारण तो माशांच्या विणीचा काळ, पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक होते," असे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकले असेल. ते तपासून पाहू या. पावसाळ्यात पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात, हे खरे. याच कारणाने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते. २०१५ साली आपला श्रावण सुरू झाला १५ ऑगस्टला, म्हणजे बंदी उठल्यावर पंधरा दिवसांनी! आणि २९ ऑगस्टला, ऐन श्रावणात, नारळी पौर्णिमेचा नारळ वाहून कोळी दर्यावर गेले. नियम विणीसाठी असता तर तो जूनमध्ये हवा होता. खवळलेला समुद्र, दमट हवेत लवकर बिघडणारे अन्न, चातुर्मासाची व्रते, अशी अनेक कारणे गुंतलेली दिसतात. पूर्वजांना सर्व ठाऊक होते म्हणणे आणि त्यांना काहीच कळत नव्हते म्हणणे, दोन्ही सारखेच आळशीपणाचे.

आणखी एक गंमत. आपला महिना अमावास्येला संपतो, राजस्थान आणि उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे तेथील सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. २०१५ साली भाईंदरच्या मारवाडी घरांत सावन १ ऑगस्टला लागला आणि आपली गटारी आली १४ ऑगस्टला. म्हणजे एकाच रस्त्यावर एका घरात व्रत ऐन मध्यावर आलेले आणि दुसऱ्या घरात महिनाभराचे मटण एका रात्रीत संपवण्याची घाई!

नमस्कारालाही परवानगी

अन्नाइतकेच नियम भेटीगाठींनाही असतात. दोन माणसे लांबून एकमेकांना ओळखतात तेव्हा त्यांच्या भुवया क्षणभर, सुमारे एक-षष्ठांश सेकंद, वर उडतात. आयबल-आयबेसफेल्ट या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात निरनिराळ्या खंडांत चित्रफिती घेऊन हे दाखवले. हा भाग बहुधा उपजत असावा. पुढचे सारे शिकलेले: न्यूझीलंडचे माओरी नाक आणि कपाळ टेकवतात, जपानी कमरेतून वाकतात, युरोपीय हात मिळवतात. हस्तांदोलनात निव्वळ शिष्टाचार आहे असे समजू नका. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की हात मिळवल्यावर माणसे नकळत तो हात नाकाशी नेतात आणि हुंगतात! कुत्र्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार उरला नाही. पुढे २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा परदेशचे राष्ट्रप्रमुखही हात जोडू लागले, आणि आपल्याकडे नमस्काराचे फार कौतुक झाले.

त्या कौतुकात एक गोष्ट कोणाला आठवली नाही. पेशवाईत मुंबईचे सोनार एकमेकांना 'नमस्कार' म्हणू लागले. हा शब्द आमचा, असे म्हणून पुण्याच्या ब्राह्मणांनी हरकत घेतली. मुंबईत राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे. तिला पुणे दरबारशी वाकडेपण नको होते. तिच्या कौन्सिलने ठराव केला आणि ९ ऑगस्ट १७७९ च्या पत्राने सोनार समाजाच्या प्रमुखाला कळवले, की यापुढे तुमच्या लोकांनी 'नमस्कार' म्हणू नये. एका शब्दासाठी सरकारी हुकूम! त्याच काळात अस्पृश्य मानलेल्या माणसांनी वरिष्ठांना 'जोहार' म्हणायचे, असा रिवाज होता. कोणी कोणता शब्द उच्चारायचा, हे जन्मावर ठरत असे. मग विसाव्या शतकात, कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी 'जय भीम' हे अभिवादन रूढ केले असे मानतात, आणि ते इतके पसरले ते का, हे आता तुमच्या लक्षात येईल. त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही; म्हटले तेच परत येते. वारकऱ्यांच्या भेटीतही असेच असते. दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, वय पाहत नाहीत. मोरव्यातला 'राम राम', स्टेशनजवळचे 'जय जिनेंद्र', ही अभिवादनेही याच जातीची, बरोबरीची.

सर्वनामांत मात्र बरोबरी सहसा नसते. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० साली युरोपच्या भाषांतील 'तू' आणि 'तुम्ही' यांचा अभ्यास केला आणि दोन सूत्रे काढली: सत्ता आणि सलगी. मराठी घरे पाहून त्यांना मौज वाटली असती. आईला 'अगं', वडिलांना 'अहो', आणि साक्षात देवाला 'तू'! पूर्वी बायको नवऱ्याचे नावच घेत नसे. त्या निषेधातून वाट काढायची म्हणून उखाणा आला. शब्दांचे असे निषेध आपण अजून पाळतो. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटत नाही, ती 'वाढवते'. आणि मिठागरांच्या या गावात राहून मला एक शब्द फार दिवस सुचला नव्हता: 'मीठ'. हा शब्द संस्कृत 'मिष्ट' या कुळातला. हिंदीत 'मीठा' म्हणजे गोड. गुजरातीत 'मीठुं' या एकाच शब्दाचे गोड आणि मीठ असे दोन्ही अर्थ होतात. खारट वस्तूला गोड नाव! दिवेलागणीनंतर मीठ उसने देऊ नये, सांडले तर पायाखाली येऊ देऊ नये, असे नियम ज्या वस्तूभोवती आहेत, तिचे नावही जपूनच घ्यायचे, असा हा प्रकार दिसतो.

चहा, पाव आणि बिनमिठाचा भात

शिष्टाचार सांगतो, 'पुढे केलेले नाकारू नये'. निषेध सांगतो, 'घेऊ नये'. दोघांची गाठ पडली की काय होते? महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण १८९० साली पुण्यात घडले. पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील प्रतिष्ठितांना बोलावणे आले. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! कोणी घेतला, कोणी न पिता तसाच ठेवला. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पतींनी, उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली, आणि गावात एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, त्याबद्दल सुधारकांनीच त्यांच्यावर टीका केली. एका कपातल्या चहाने दोन वर्षे पुणे ढवळून निघाले.

याच्या चाळीस वर्षे आधी मुंबईत परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा होती. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी. सभासद व्हायचे तर ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. पावच का? तर पावाचा इतिहास आमच्या या भागात रक्तात भिनलेला आहे. वसई आणि साष्टी हा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता. १७३९ साली मराठ्यांनी धारावीचा किल्ला आणि पाठोपाठ वसई घेतली, तोवर दोनशे वर्षे होऊन गेली. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्याले आणि बाटले, ही गोष्ट इकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून अजून ऐकायला मिळते. ती घडली की नाही हा वेगळा प्रश्न. पण झुरळ बुडवलेला तो रस आठवतो ना? विहिरीची गोष्ट ऐकणाऱ्याला खरी वाटते ती त्याच नियमाने. आता स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीपाशी उभे राहा, आणि विहिरीतला तो पाव आठवा.

दुसऱ्या बाजूचा निषेधही तितकाच कडक होता. गोव्याच्या धर्मन्यायालयाने, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात त्याने, १७३६ साली एक जाहीरनामा काढला. नवख्रिस्त्यांनी कोणकोणत्या हिंदू चाली सोडाव्यात, याची त्यात लांबलचक यादी होती. त्यातले एक कलम असे, की हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवून मग वरून मीठ घेऊ नये! पुष्कळ मराठी घरांत आजही भात अळणीच शिजतो आणि पानाच्या वरच्या टोकाला मीठ आधी वाढतात. आपण कधी लक्षही देत नाही. पण कोणा एकाला ती चिमूट धर्माची खूण वाटली, आणि तिच्यासाठी शिक्षा होऊ शकत होती. मघाच्या डायरीतल्या सूचनेकडे मी नव्याने पाहिले ते हे वाचल्यावर.

सप्टेंबर उजाडला

शाळेने सूचना मागे घेतली नाही. मी मुख्याध्यापकांना दोनदा भेटलो, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, एवढेच. माझ्या वर्गापुरता मी एक बदल केला. वास सोसत नसेल त्याने खिडकीजवळचा बाक घ्यावा, खिडकी उघडी राहील, पाऊस आत आला तरी चालेल. पण कोणाच्या डब्याकडे पाहून नाक धरायचे नाही आणि भरल्या डब्यासमोरून उठून जायचे नाही. मग श्रावण लागला आणि मोरव्याच्या डब्यात महिनाभर आपोआपच मटकी आणि शिराळी आली. प्रश्न सुटला नव्हता, पुढे ढकलला गेला होता.

त्याच सप्टेंबरात गावभर दुसरा वाद पेटला. जैनांच्या पर्युषणात आठ दिवस मटण-कोंबडीची विक्री बंद ठेवायचे मीरा-भाईंदर महानगरपालिकेने ठरवले. मुंबईतही अशीच, कमी दिवसांची, बंदी होती. तिच्याविरुद्ध विक्रेते उच्च न्यायालयात गेले. बंदीतून मासळी का वगळली, असे न्यायालयाने विचारले तेव्हा, मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही, असे उत्तर सरकारतर्फे दिले गेले. हे वर्तमानपत्रात वाचून मला आपले कप्पेच आठवले. मुंबईतल्या १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला न्यायालयाने स्थगिती दिली. मोठ्या माणसांचे मोर्चे निघाले, आणि वर्गात मुले एकमेकांना 'तुमचे लोक', 'आमचे लोक' असे म्हणू लागली. जुलैत हे शब्द नव्हते.

१७ तारखेलाच गणपती आले. सुट्टी संपवून वर्ग भरला, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मुद्दाम वर्गातच थांबलो. जुलैत पहिल्यांदा उठून गेलेली मुलगी बाकाबाकापाशी जात होती. प्रत्येकापुढे हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत होती. पर्युषणाच्या शेवटी जैन असे म्हणतात. शब्द प्राकृत आहेत, माझ्या हातून झालेले वाईट मिथ्या होवो, असा त्यांचा भाव. अभिवादन म्हणावे तर आहे, क्षमायाचना म्हणावी तर तीही आहे. मोरव्याच्या मुलीपाशी ती जरा अडखळली, मग तेच शब्द बोलली. हिला ते कळले नाहीत.

"म्हणजे काय?"

"सॉरी म्हणायचं असतं. सगळ्यांना."

"बरं," मोरव्याची म्हणाली आणि सरकून तिने जागा केली. तिच्या डब्यात त्या दिवशी घरच्या वेलीची काकडी होती, उभ्या फाका केलेली, आणि कागदाच्या पुडीत आजोबांच्या मिठागरातले खडेमीठ. तिने ते बाकावरच डब्याच्या बुडाने भरडले, एका फाकेला चोळले आणि फाक पुढे केली.

मीठ जरा जास्तच झाले होते. दोघींनी तोंडे वाकडी केली आणि फाक संपवली.